काका, तुमच्याकडे लोक काय घेऊन येतात?

जून निम्मा सरला की माझ्याकडे समुपदेशनासाठी एका ठरावीक प्रकारची माणसं येऊ लागतात. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकली. त्यामुळे निवृत्तीही ठोक भावात, ३१ मेची. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, चार दिवस पाहुणेरावळे होतात. मग एका सकाळी माणूस अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो आणि जायचं कुठे ते कळत नाही. माझ्यासमोर आल्यावर यातले बरेच जण झोपेबद्दल, चिडचिडीबद्दल बोलतात, आणि उठता उठता विचारतात, "समाजासाठी काहीतरी करायचं आहे हो. पण नेमकं काय करू?"

मिरजेच्या एका काकांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

काका बँकेत हेड कॅशियर होते. निवृत्तीला दीड वर्ष झालं होतं. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "ताई, मी तीन ठिकाणी प्रयत्न केले. तिन्हीकडे माझी गरज नव्हती." आवाजात राग होता आणि त्याखाली लाज होती.

पहिला प्रयत्न वाढदिवसाच्या फळवाटपाचा. मंडळातल्या दहा जणांनी मिळून रुग्णालयाच्या एका वॉर्डात केळी आणि सफरचंदं वाटली. एका बाईने केळं हातात घेतलं, फोटो झाला आणि तिने ते परत पुढे केलं. तिच्या नवऱ्याचं सकाळी ऑपरेशन झालेलं, तो काही खाऊ शकत नव्हता, आणि तिला स्वतःला भूक नव्हती. काकांना त्या परत आलेल्या केळ्याने महिनाभर झोप लागू दिली नाही. दुसरा प्रयत्न शाळेत गणित शिकवण्याचा. दोन महिने शिकवलं, मग मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले, परतले तोवर परीक्षा संपली होती. तिसरा, टेकडीवर झाडं लावण्याचा. जुलैत चाळीस रोपं लावली, पुढच्या एप्रिलमध्ये पाहिलं तर तीन जिवंत.

आणि हे सांगताना मध्येच म्हणाले, "मी वीस वर्षांचा असताना सोमनाथला गेलो होतो."

चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी उन्हाळ्यात भरते. महाराष्ट्रातल्या हजारो तरुणांनी तिथे कुदळ चालवली आहे. काकांच्या मनात सेवेचं माप तिथे पक्कं झालं होतं. पहाटे उठणं, दगड उचलणं, तळहाताला फोड येणं, संध्याकाळी बांधलेला बांध डोळ्यांना दिसणं. बाबांनी १९४९ साली सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू केलं, हे काका मला अगदी परवा घडल्यासारखं सांगत होते. "त्यांनी आयुष्य दिलं. आणि मी? केळी!"

इथे मी एक चूक केली. मी त्यांना यादी दिली. वृद्धाश्रम, अंधशाळा, पक्षिमित्र, रक्तपेढी, वाचनालय, अशी सात-आठ ठिकाणं फोन नंबरसह लिहून दिली. पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा यादी खिशातच होती, घडीसुद्धा न मोडलेली. त्यांना मी ठिकाणं दिली होती आणि त्यांचा प्रश्न ठिकाणाचा नव्हताच. आपण कोणाच्या उपयोगाचे उरलो आहोत का, हे त्यांना विचारायचं होतं. तो प्रश्न घेऊन माणूस ज्या दारात जातो, तिथे तो नकळत समोरच्याकडून उत्तर वसूल करू पाहतो. वॉर्डातल्या त्या बाईने केळं परत केलं तेव्हा काकांना नकार मिळाला तो फळाला नव्हे, स्वतःला मिळाल्यासारखा वाटला.

उपयोगी पडावंसं वाटणं यात काही वाईट नाही. ही भूक माणसाला असतेच, आणि ती दाबून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. फक्त ती आपली भूक आहे हे ओळखायला हवं, म्हणजे समोरच्याच्या पानातलं आपण उचलत नाही.

यादी बाजूला ठेवून मी विचारलं, "काका, न बोलावता तुमच्याकडे लोक काय घेऊन येतात?"

ते गोंधळले. मग हळूहळू आठवू लागले. शेजारच्या आजी पासबुक घेऊन येतात. नोव्हेंबर आला की गल्लीतले दोन पेन्शनर हयातीच्या दाखल्यासाठी येतात, कारण त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात आणि मशीन ठसा घेत नाही. मग काका मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढून देतात. भाजीवालीचा मुलगा कर्जाचा फॉर्म घेऊन येतो. आणि जत तालुक्याच्या पूर्व भागातून कोणी दवाखान्यासाठी मिरजेला आलं, की काकांच्या जुन्या ओळखीने घरी येतं, कारण काकांना कन्नड येतं. नोकरीची सहा वर्षं त्यांनी त्या भागात काढली होती.

"पण ही काय सेवा आहे?" ते म्हणाले. "ही तर कारकुनी झाली."

ज्यांना मिरज माहीत आहे त्यांना या कारकुनीची गरज लगेच कळेल. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव आहे. जंक्शन असल्यामुळे बेळगाव, विजयपूर, अथणीकडचे रुग्ण इथे येतात. आपल्याच जिल्ह्यातल्या जतच्या कितीतरी गावांत घरची भाषा कन्नड आहे. हातात केसपेपर, खांद्यावर पिशवी, आणि खिडकीपलीकडचा माणूस मराठीत भराभर सांगतोय, "एकवीस नंबरला जा, तिथून सही घेऊन परत या." अशा वेळी माणूस मान डोलावतो आणि चुकीच्या रांगेत जाऊन दोन तास उभा राहतो.

काकांना मी एवढंच सांगितलं, की इथल्या सरकारी रुग्णालयात जा, पण आधी काही करू नका. एक आठवडा नुसतं बसा, पाहा, आणि तिथे काम करणाऱ्यांना विचारा की त्यांचं कुठे अडतं. त्यांनी तसं केलं. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचं एक पद असतं. गरीब रुग्णांच्या अडचणी, योजनांची कागदपत्रं, बेवारस रुग्ण, सगळा भार त्यांच्यावर. काका त्यांना भेटले. पहिल्या भेटीत त्यांनी काकांकडे संशयानेच पाहिलं, आणि ते योग्यच होतं. मदतीच्या नावाखाली रुग्णांना बाहेर कुठेतरी नेणारे लोकही रुग्णालयाच्या आवारात हिंडतात. लेखी परवानगीला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत काका दोनदा माझ्याकडे "सोडून देतो" म्हणत आले.

मंगळवार आणि शुक्रवार, नऊ ते साडेबारा, पहिले तीन महिने. एवढंच ठरलं. त्यासोबत काही गोष्टी आम्ही दोघांनी लिहून काढल्या. पैशाला हात लावायचा नाही, ना घ्यायचे ना द्यायचे. औषधाबद्दल, डॉक्टरबद्दल मत द्यायचं नाही. कोणाचा आजार घरी येऊन सांगायचा नाही. फोटो नाही. हे शेवटचं काकांनी स्वतःहून घातलं.

पहिल्या दिवशी त्यांच्याकडे कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. काका म्हणाले, "बर्री अज्जी, कूड्री." म्हणजे या आजी, बसा. ती रडायलाच लागली. तीन दिवसांत तिच्याशी तिच्या भाषेत कोणी बोललं नव्हतं.

मध्ये एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. जतकडचं एक कुटुंब होतं, मुलाचं ऑपरेशन सांगितलेलं. काकांनी रेशनकार्ड पाहिलं, आधार पाहिलं आणि उत्साहात बोलून गेले, "महात्मा फुले योजनेत होऊन जाईल, काळजी करू नका." सरकारच्या या मोफत उपचारांच्या योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी असते. तो उपचार तिच्यात बसला नाही. पुढच्या शुक्रवारी तो बाप येऊन त्यांच्या शेजारी गप्प बसला. रागावला नाही, हेच काकांना जास्त लागलं. त्या संध्याकाळी ते माझ्यासमोर बसून म्हणाले, "दिलासा द्यायची घाई झाली मला." समाजसेवा अधीक्षकांनी पुढे धर्मादाय रुग्णालयातल्या, गरिबांसाठी राखीव खाटांचा मार्ग काढला, ऑपरेशन झालं. पण तेव्हापासून काकांच्या तोंडून "होऊन जाईल" गेलं. ते म्हणतात, "चला, आरोग्यमित्राला विचारू." आणि योजनेच्या त्या मदतनिसाकडे सोबत उठून जातात.

दरम्यान काकू एकदा त्यांच्याबरोबर आल्या. बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "मॅडम, चांगलं काम करतात, मी नाही म्हणत नाही. पण घरी सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचं सगळं चोवीस तास मी करते. त्याला कोणी सेवा म्हणत नाही."

काका खाली पाहत राहिले. मला त्या वाक्याने आजही अस्वस्थ व्हायला होतं, कारण ही एका घराची गोष्ट नाही. घराबाहेर चार तास दिले की हार घालतात आणि घरातले चोवीस तास कोणी मोजत नाही. त्या दिवशी आम्ही आठवडा कागदावर मांडला. मंगळवार-शुक्रवार काका रुग्णालयात. बुधवारी आणि शनिवारी दुपारी काकू बाहेर, त्यांचं भजनी मंडळ आणि एकदा तरी बहिणीकडे, आणि आईचं जेवण, औषध, कपडे बदलणं काकांकडे. पहिल्या बुधवारी काकांनी काकूंना तीन वेळा फोन केला. चौथ्यांदा त्यांनी उचलला नाही.

समाजासाठी काय करू, हा प्रश्न घेऊन तरुणही येतात. त्यांना एकच रविवार असतो आणि अपराधीपण आठवडाभराचं. एका मुलीला अंध विद्यार्थ्यांची लेखनिक व्हायचं होतं. पण तेव्हा लागू असलेल्या केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी असावं लागे. म्हणजे इंजिनिअर असलेली ती दहावीच्या मुलाची लेखनिक होऊच शकत नव्हती. ती हिरमुसली. मी म्हटलं, त्याच मुलांना विचार काय हवंय. त्यांना परीक्षेआधी पुस्तकं वाचून दाखवणारं कोणीतरी हवं होतं. आता ती घरून धडे वाचून ध्वनिमुद्रित करते, रोज वीस मिनिटं. आणि ज्याला खरोखर वेळ नाही त्याने वेळ नाही म्हणावं, रक्त द्यावं. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्तपेढ्यांमध्ये तुटवडा असतो, तेव्हा द्यावं. मुलांना शिकवायला मात्र वर्षभर टिकणार असाल तरच जा, असं मी आता स्पष्ट सांगते. अर्ध्यात सोडून गेलेल्या मोठ्या माणसांची त्या मुलांना आधीच सवय असते.

काकांचे तीन महिने संपले, मग वर्ष झालं. पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला, तीन आठवडे घरी होते. बरे झाल्यावर भेटायला आले, चेहरा उतरलेला. मला वाटलं अशक्तपणा असेल. ते म्हणाले, "ताई, मी नव्हतो तर उमदीकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी माझी जागा चालवली. एकही दिवस खंड नाही. उलट त्यांनी खिडक्यांचे नंबर कन्नडमध्ये लिहून भिंतीवर लावले. मला वर्षभरात सुचलं नव्हतं."

मी विचारलं, "काय वाटलं?"

बराच वेळ गप्प होते. "आधी वाईट वाटलं. रात्री झोप लागली मात्र."

मग उठता उठता दारात थांबले. गुरुवारी डोळ्यांच्या ओपीडीला फार गर्दी असते आणि त्या दिवशी तिथे कोणीच नसतं, म्हणाले.

"तुमच्या ओळखीत कन्नड येणारं कोणी आहे का?"