वाचकांचे प्रश्न : गव्हाचा दाणा बारीक का राहिला?

प्रश्न : एकाच पिशवीतले बन्सी गव्हाचे बियाणे मी आणि माझ्या भावाने वाटून घेतले. त्याने सोयाबीन निघताच नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरले. मी कापसाची वेचणी लांबल्याने डिसेंबरच्या मध्यावर. माझा गहू बारीक व सुरकुतलेला निघाला. भावाचा दाणा टपोरा असूनही त्यावर पांढुरके डाग आहेत आणि व्यापाऱ्याने त्यासाठी भाव पाडला. असे का व्हावे?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : बियाणे एकच असले, तरी दोन्ही शेतांत दाणा भरण्याच्या काळात मिळालेले हवामान एक नव्हते. आपल्या भागात गव्हाला साधारण साठ-पासष्ट दिवसांनी फुलोरा येतो आणि त्यापुढच्या महिनाभरात दाण्यात पिष्ट (स्टार्च) साठते. भावाच्या पिकाचा हा महिना जानेवारी-फेब्रुवारीच्या थंड रात्रींत गेला, तर आपल्या पिकाचा फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे, म्हणजे मराठवाड्यात दुपारचे तापमान 30 अंश सेल्सिअस ओलांडून वर चढते त्या दिवसांत गेला. अशा उन्हात पीक लवकर पिवळे पडते, दाणा भरण्याचे दिवस कमी होतात आणि पिष्ट साठण्याची क्रिया मंदावते. प्रथिनांवर याचा परिणाम तुलनेने कमी होत असल्याने बारीक दाण्यात प्रथिनांची टक्केवारी उलट जास्त निघू शकते. पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही, कारण दाण्याचे वजन घटते, कोंड्याचे प्रमाण वाढते आणि उष्णतेने ग्लुटेनची, म्हणजे कणकेला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनांची, ताकदही कमी होऊ शकते.

भावाच्या गव्हावरील डाग हा बहुधा रोग नसून नत्राची कमतरता आहे. दाणा भरताना नत्र अपुरे पडले, तर बन्सी गव्हाचा काचेसारखा कठीण भाग जागोजागी पिठूळ राहतो. रवा आणि शेवयांसाठी हाच कठीणपणा हवा असल्याने व्यापाऱ्याची तक्रार अगदीच खोटी म्हणता येणार नाही. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे. त्यातील निम्मे पेरणीच्या वेळी आणि उरलेले सुमारे तीन आठवड्यांनी, खुरपणीनंतर, पाण्याच्या पाळीआधी द्यावे. सगळा युरिया एकदम टाकून मोकळे होण्याची सवय इथे नडते. फुलोऱ्याच्या सुमारास 2 टक्के युरियाची फवारणी केल्यास प्रथिने वाढण्यास मदत होते.

फरदडीच्या, म्हणजे वेचणीनंतरही कापूस शेतात राखून आणखी बोंडे घेण्याच्या, मोहापायी गव्हाची पेरणी डिसेंबरमध्ये जाणारच असेल, तर बन्सीचा आग्रह सोडून उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेला सरबती (पोळीच्या गव्हाचा) वाण घ्यावा, आणि चिकाच्या अवस्थेतील (दाण्यात दुधासारखा चीक असतानाचे) पाणी कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. मात्र वारा असताना ते देऊ नये, कारण ओंब्यांच्या भाराने पीक लोळते आणि लोळलेल्या पिकाचा दाणाही पोचट राहतो.

प्रश्न : कापणीला आलेला गहू मार्चच्या अवकाळी पावसात भिजला. दाण्याची चमक गेली. तो खाण्यास व बियाण्यास चालेल का?
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : भिजून पुन्हा वाळल्याने फक्त चमक गेली असेल, तर खाण्यास हरकत नाही. दाण्याला अंकुर फुटू लागला असल्यास मात्र त्यातील पिष्ट मोडणारी विकरे (एन्झाइम) जागी होतात, कणीक चिकट होते आणि पोळी नीट होत नाही. बुरशी आलेले किंवा कुबट वास येणारे दाणे जनावरांनाही घालू नयेत. बियाण्यासाठी असा गहू वापरायची वेळ आलीच, तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी. 85 पेक्षा कमी दाणे उगवल्यास दुसरे बियाणे घेणे बरे. साठवणीपूर्वी दाणा कडक उन्हात वाळवून ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर आणावा.