केरीच्या किनाऱ्यावरून दिसणारी ती बत्ती कोणाची?

प्रश्न: परवा रात्री केरीला वाळूत बसलो होतो, लांब समुद्रात उजव्या हाताला एक लाईट लागत होती विझत होती. मित्र म्हणाला ट्रॉलर असणार. पण ती जागची हललीच नाही. काय असेल? आणि तिथे जाता येतं का?
(एक वाचक, पेडणे)

उत्तर: ट्रॉलर एवढा वेळ एका जागी राहत नाही, त्यामुळे मला वाटतं तुम्ही बघितलंत ते वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचं दीपगृह, आपल्याकडचे मच्छीमार ज्याला निवती रॉक म्हणतात ते. जुन्या इंग्रजी नकाशात त्याच बेटांना बर्न्ट आयलंड्स म्हटलंय. केरीपासून अंतर असेल तीसेक किलोमीटर, आणि एवढ्या लांबून दिसतं कारण बत्ती उंचावर आहे, पृथ्वीचा बाक मध्ये येतो ना, समुद्रापासून १०० मीटर उंच दिवा असेल तर तो साधारण ३५ किलोमीटरवरून डोकावतो, तुमचा डोळा किनाऱ्यावर दोन मीटर उंच असेल तर त्यात अजून पाचेक किलोमीटर.

आता गंमत म्हणजे जुन्या पद्धतीच्या दीपगृहात दिवा विझतच नाही! तो सतत पेटलेला असतो, फिरते ती त्याच्याभोवतीची भिंगं, काचेच्या कड्यांची, फ्रेनेलची, आणि त्यांनी गोळा केलेला झोत तुमच्यावरून गेला की तुम्हाला चमक दिसते. किती चमका, मध्ये किती सेकंद, हे प्रत्येक दीपगृहाचं वेगळं ठेवलेलं असतं, रात्री खलाशाला बुरूज दिसत नाही, त्याच्यासाठी तीच त्या बत्तीची ओळख. तो घड्याळ लावून मोजतो आणि लाईट लिस्टमध्ये, म्हणजे दीपगृहांच्या चमकांच्या यादीत, बघतो. तुम्हीही मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजा, सलग चार-पाच फेऱ्या, नुसत्या एका फेरीवर विश्वास ठेवू नका, मी एकदा तसं करून चक्क मासेमारी बोटीला दीपगृह समजलो होतो.

जाण्याचं म्हणाल तर सहलीचा बेत करू नका. पावसाळ्यात तर विषयच नाही, तेव्हा जून-जुलैत मच्छीमारही बंदीमुळे घरी असतात, इतर वेळीही तिथे उघड्या समुद्राची लाट आणि खडक. शिवाय तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात, त्या घरट्यांची पूर्वी चोरी व्हायची, उगाच गर्दी नको. दीपगृहाचा बुरूजच बघायचाय तर गोव्यातलं आग्वाद आहे की, १८६४ चा जुना आणि १९७६ मध्ये तो बंद झाल्यावर काम बघणारा नवा, दोन्ही शेजारी शेजारी.