दोन कोर्स झाले, पण टेबलं काही सुचत नाहीत

प्रश्न : मी अकाउंट्समध्ये काम करते, एक्सेल बऱ्यापैकी येतं. डेटाबेस डिझाइनचा एक ऑनलाइन कोर्स केला, त्यानंतर बिझनेस इंटेलिजन्सचा (बीआय, म्हणजे डेटावरून रिपोर्ट आणि चार्ट काढणं). व्हिडिओ बघताना सगळं कळतं, क्विझही पास होते, पण कोरी स्क्रीन समोर आली की टेबलं कशी पाडायची तेच सुचत नाही. त्यात पहिल्या कोर्समध्ये सांगितलं की एकच माहिती दोन ठिकाणी ठेवू नका आणि दुसऱ्यात तेच मुद्दाम करायला लावलं. आता तिसरा कोर्स कोणता करू?

उत्तर : तिसरा कोर्स सध्या राहू द्या, खरंच सांगतेय. कोर्समध्ये टेबलं आधीच तयार करून दिलेली असतात, नॉर्थविंड, साकिला, चिनूक असे सरावाचे डेटाबेस असतात, तुम्ही त्यावर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, लिहिता आणि उत्तर बरोबर येतं. टेबलं पाडायचं जे मुख्य काम, ते तुमच्या आधी कोणीतरी करून ठेवलेलं असतं, मग ते हाताला कसं लागणार?

एखादा छोटा विषय घ्या ज्याची तुम्हाला पूर्ण माहिती आहे. समजा एक शिकवणी वर्ग आहे, त्यात विद्यार्थी, बॅचेस आणि फीचे हप्ते. आधी कागद घ्या, कॉम्प्युटर नंतर. प्रत्येक टेबलसाठी एक वाक्य लिहा, "या टेबलमधली एक ओळ म्हणजे..." आणि ते पूर्ण करा. एक ओळ म्हणजे एक विद्यार्थी. एक ओळ म्हणजे एका विद्यार्थ्याने एका बॅचला घेतलेला प्रवेश. एक ओळ म्हणजे भरलेला एक हप्ता. वाक्यात "किंवा" आलं की समजायचं इथे दोन टेबलं एकात कोंबली गेलीत. विद्यार्थी अनेक बॅचला जातो आणि बॅचमध्ये अनेक विद्यार्थी असतात, म्हणून प्रवेशाचं वेगळं टेबल लागतं, एक्सेलची सवय असलेली माणसं नेमकी इथे बॅच१, बॅच२, बॅच३ असे कॉलम करतात आणि कोणी चौथी बॅच लावली की अडकतात.

या एका वाक्याचा उपयोग पुढे बीआयमध्येही होतो, तिथे त्याला ग्रेन म्हणतात. उदाहरण बघा. एका विद्यार्थ्याच्या 2 बॅचेस आहेत आणि त्याने 1000 चे 3 हप्ते भरलेत, म्हणजे जमा 3000. आता विद्यार्थी, प्रवेश आणि हप्ते ही तिन्ही टेबलं विद्यार्थ्याच्या आयडीवर जॉइन केली, म्हणजे तो आयडी जुळवून ओळी एकत्र जोडल्या, तर 2 गुणिले 3 अशा 6 ओळी येतात आणि फीची बेरीज दिसते 6000. एरर येत नाही, चार्टही छान दिसतो, आकडा मात्र चुकलेला. म्हणून हप्त्यांची बेरीज आधी विद्यार्थ्यानुसार करून घ्यायची आणि मग जोडायची, निदान एकदा तरी हा घोळ मुद्दाम करून बघा म्हणजे तो पुढे लांबूनच ओळखू येईल.

आता ते "दोनदा ठेवू नका" आणि "मुद्दाम ठेवा". दोन्ही बरोबर आहेत, कामं वेगळी आहेत. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं आणि नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच ठिकाणी राहील अशी टेबलं पाडणं, तिथूनच आलं. रोजच्या नोंदी जिथे होतात, बदलतात, खोडल्या जातात तिथे हे हवंच, कारण विद्यार्थ्याचा फोन नंबर पाच ठिकाणी असेल तर एक दिवस चार ठिकाणी बदलेल आणि पाचवा जुनाच राहील. रिपोर्टिंगच्या डेटाबेसमध्ये माणसं हाताने नोंदी बदलत नाहीत, तिथे मूळ डेटाबेसमधून ठरावीक वेळी डेटा भरला जातो आणि मग फक्त वाचायचं असतं. म्हणून तिथे स्टार स्कीमा करतात, मध्ये आकड्यांचं फॅक्ट टेबल आणि भोवती तारीख, विद्यार्थी, बॅच अशी डायमेन्शन टेबलं, त्यात विषयाचं नाव शंभर ओळींत परत आलं तरी चालतं, क्वेरी सोपी होते आणि बहुतेकदा भराभर चालते. पण मूळ नोंदींची जागा घ्यायला स्टार स्कीमा वापरू नका, ही गल्लत फार बघायला मिळते.

सरावाला पैसे लागत नाहीत. एसक्यूलाइट किंवा पोस्टग्रेएसक्यूएल ही दोन्ही डेटाबेस सॉफ्टवेअर फुकट आहेत, मी पोस्टग्रे घ्या म्हणेन, कारण फॉरेन की, म्हणजे एका टेबलमधून दुसऱ्या टेबलच्या ओळीकडे बोट दाखवणारा आयडी, चुकली की ते लगेच अडवतं. एसक्यूलाइटमध्ये ती तपासणी सहसा आपल्याला चालू करून घ्यावी लागते, नवशिक्याला हे माहीत नसतं. आणि पैशांची रक्कम फ्लोट या अंदाजे दशांश ठेवणाऱ्या प्रकारात ठेवू नका, नेमका आकडा ठेवणारा न्यूमेरिक वापरा, अकाउंट्सवाल्यांना कारण सांगायला नको!

प्रश्न : रिपोर्ट आणि चार्ट करायला पॉवर बीआय शिकू की टॅब्लो?

उत्तर : ज्या ऑफिसात काम करताय किंवा करायचंय तिथे जे वापरतात ते. ठरत नसेल तर एवढं बघा, पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे पण विंडोजवरच चालतं. टॅब्लो पब्लिक फुकट आहे आणि मॅकवरही चालतं, पण तिथे पब्लिश केलेलं काम जगाला दिसू शकतं, ऑफिसचा डेटा तिथे चुकूनही टाकू नका.

प्रश्न : डेटाबेस आतून कसा चालतो हे शिकायचं असेल तर?

उत्तर : कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीच्या डेटाबेस कोर्सची लेक्चर्स यूट्यूबवर फुकट आहेत. इंडेक्स, बफर, ट्रान्झॅक्शन सगळं खोलात आहे, त्यामुळे एसक्यूएल (क्वेरी लिहायची भाषा) आणि थोडं प्रोग्रामिंग हातात बसल्यावरच सुरू करा. टेबलं कशी पाडायची हे मात्र तिथे फारसं मिळणार नाही, त्यासाठी वर सांगितलेला कागदच काढावा लागेल.