होडी घ्या, पण घर तारण ठेवून नको

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय 41, लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी, घरी आई, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. ओळखीतल्या माणसाची फायबरची होडी 10 लाखांना मिळतेय. त्यातले 4 लाख तुमच्या बचतीचे, उरलेले 6 लाख राहतं घर तारण ठेवून 11 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. नोकरी सोडून वाशिष्ठी नदीत पर्यटकांना मगरी दाखवायला न्यायचा विचार आहे. शेवटी विचारलंय, "पहिल्या हंगामात विमा नाही काढला तर चालेल का?"

नाही चालणार. दाभोळ खाडी-वाशिष्ठी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28 आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा 2021 आला, तेव्हापासून इंजिनाच्या प्रवासी होडीला सर्व्हे (म्हणजे होडीची अधिकृत तपासणी), नोंदणी, पात्रता प्रमाणपत्र असलेला चालक आणि विमा हे सगळं सक्तीचं आहे. पण मला जास्त काळजी वाटते ती विमा काढूनही तो कामी न येण्याची.

विक्रेत्याच्या वहीचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. डिसेंबरातल्या एका रविवारचं पान मी मोठं करून पाहिलं. निळ्या शाईत फेरीगणिक माणसांचे आकडे एकाखाली एक आहेत: 24, 23, 26. तुम्हीच जोडलेल्या सर्व्हे सर्टिफिकेटवर मात्र प्रवासी 18, आणि त्याची मुदतही संपलेली. म्हणजे ज्या कमाईवर तुम्ही भुललात, ती जादा माणसं भरून झालेली आहे. सागरी विम्याचा 1963 चा कायदा याबाबत फार कडक आहे. पॉलिसीत अट म्हणून लिहिलेली गोष्ट तंतोतंत पाळावी लागते. मोडली, तर त्या क्षणापासून विमा कंपनी मोकळी होऊ शकते. प्रवाशांची संख्या, चालकाचं प्रमाणपत्र, फिरण्याची हद्द या बहुधा अशाच अटी असतात. केरळात तानूरला 7 मे 2023 ला होडी उलटून 22 जणं गेली. ती मूळची मासेमारीची होडी होती आणि त्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती. तुमच्या होडीत 18 लाइफ जॅकेटं असतील, तर एकोणिसाव्या माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे. आणि घराचा हप्ता डोक्यावर असला की रविवारच्या गर्दीत ते 'नाही' तोंडातून निघत नाही. मी घर तारण ठेवायला विरोध करतोय तो मुख्यतः यासाठीच.

आता आकडे. तुम्ही गर्दीचे 90 दिवस, रोज तीन फेऱ्या, फेरीला 24 माणसं आणि 200 रुपये तिकीट धरून 12 लाख 96 हजारांची कमाई काढलीत. मी 18 ची मर्यादा आणि रिकाम्या जागा लक्षात घेऊन फेरीला सरासरी 13 माणसं धरतो: 7 लाख 2 हजार. आडवारचे, म्हणजे बिनगर्दीच्या दिवसांचे 60 हजार मिळवले की 7 लाख 62 हजार. खर्चात डिझेल दीड लाख, चालक आणि खलाशी मिळून महिना 30 हजारांप्रमाणे नऊ महिन्यांचे 2 लाख 70 हजार, डागडुजी आणि रंग 70 हजार, सर्व्हे-परवाने-विमा अंदाजे 60 हजार. हाती उरतात 2 लाख 12 हजार. कर्जाचा हप्ता महिना सुमारे 13,045, म्हणजे वर्षाला दीड लाखाच्या वर. राहिलेल्या 55 हजारांत पाच माणसांचं घर चालणार नाही. शिवाय 26 मे ते 31 ऑगस्ट प्रवासी होड्या बंद. होडी शाकारून ठेवली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

या हिशेबात एकच आकडा तुमच्या हातात आहे, तो चालकाच्या पगाराचा. प्रमाणपत्र तुमचंच असेल तर महिना 18 हजारांप्रमाणे नऊ महिन्यांचे 1 लाख 62 हजार घरात राहतात. म्हणून माझा सल्ला असा: यंदा होडी घेऊ नका. नोकरी ठेवा, सुट्टीच्या दिवशी कुणा जाणत्या सारंगाबरोबर (होडी चालवणाऱ्याबरोबर) खाडीत जा, भरती-ओहोटीला पात्र कसं बदलतं ते बघा. परीक्षेला किती अनुभव लागतो ते महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात विचारून आजपासून त्याच्या नोंदी ठेवायला लागा. तुमच्या 4 लाखांत वर्षभरात जी भर पडेल तेवढी कर्जातून वजा होईल.

विक्रेता थांबायला तयार नसेल तर जाऊ दे, होड्या पुन्हा मिळतात. थांबला, तर टोकनही चेकने द्या आणि करारात लिहून घ्या की नवा सर्व्हे आणि नोंदणी तुमच्या नावावर झाल्यावरच बाकी रक्कम. त्याची विमा पॉलिसी आपोआप तुमच्याकडे येईल असं समजू नका. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे जातो, होडीचं तसं नाही. कंपनीशी बोलून नवी पॉलिसीच घ्या. ती नुसती होडी आणि इंजिनाची नको. प्रवाशांचा मृत्यू आणि इजा, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान, तेलगळती हे सगळं त्यात हवं, आणि खलाशांच्या भरपाईचीही सोय हवी. पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते का, तेही विचारा.

पैसे देण्याआधी होडी पाण्याबाहेर काढायला लावा. आउटबोर्ड इंजिन जिथे टांगतात ती मागची फळी लहान हातोडीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आतलं प्लायवूड पाणी पिऊन कुजलंय, आणि तो दुरुस्तीचा खर्च 10 लाखांतून वजा झाला पाहिजे. हे सर्व्हेअर करेलच, पण तुम्हीही जवळ उभे राहा.

आईच्या नावावरच्या ठेवीचा उल्लेख तुम्ही केला नाहीत. अशी ठेव असेल तर ती यात आणू नका. नवं सर्टिफिकेट आणि विम्याचं कोटेशन हातात आलं की मला पाठवा, आपण आकडे पुन्हा मांडू.