वर्षभराचं सामान भरून, दोन एकर घेऊन खरंच स्वयंपूर्ण होता येतं का? इतिहासात असं करणारे वाचले का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरात पाच माणसं, त्यांत वडील ७४ वर्षांचे. संकटाच्या तयारीचे व्हिडिओ पाहून वर्षभराचं धान्य भरावं आणि पुढे गावाकडे दोन एकर घेऊन कुणावर अवलंबून राहू नये असं वाटतंय. त्याआधी इतिहास काय सांगतो ते हवंय.

माझं गाव पांझरेच्या काठी, धुळे जिल्ह्यात. घरची शेती आहे, आणि २६ वर्षं किराणा दुकान चालवतोय. साठा म्हणजे काय आणि तो कसा सडतो, हे रोज पाहतो.

तुमच्यापासून फार लांब नसलेल्या जागेपासून सुरुवात करतो. भुसावळहून रेल्वेने बऱ्हाणपूर गाठा आणि तिथून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड. फारुकी सुलतानांच्या खान्देशचा हा सगळ्यात बळकट किल्ला. १६०० साली अकबराची फौज खाली येऊन बसली तेव्हा बहादूरखान फारुकी वर होता. धान्य, तेल, दारूगोळा वर्षानुवर्षं पुरेल इतका भरलेला होता. पाण्याचे तलावही होते. तरी १६०१ च्या जानेवारीत किल्ला गेला. लाच दिली, फितुरी झाली, बोलणी करायला बोलावून दगा दिला, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण कोठारं रिकामी झाली म्हणून किल्ला पडला नाही. त्या काळच्या लिखाणात मात्र एक गोष्ट येते. गडावर माणसं आणि जनावरं दाटीवाटीने भरली होती आणि रोगराई पसरली. लोकांचे पाय बधिर व्हायला लागले, डोळ्यांना दिसेनासं झालं. मी डॉक्टर नाही, पण महिनोन्‌महिने जुनं धान्य खाऊन, ताजा पाला पोटात न जाता, घाणीत राहिलं तर असं व्हायचंच, असं मला वाटतं. वर्षभराचं धान्य भरायचा विचार आला की आधी असीरगड आठवा.

त्याच बऱ्हाणपुरात त्यानंतर तीस वर्षांनी शहाजहान तळ देऊन होता, दक्षिणेच्या मोहिमेसाठी. १६३० साली पाऊस गेला. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या वर्षी नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला, तो नंदुरबारवरून गेला. वाटेवर आणि नंदुरबारात प्रेतं कशी पडलेली होती ते त्याने लिहून ठेवलंय. वाचवत नाही. माळव्याकडून बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य आणत होते, पण ते बऱ्हाणपूरला, बादशाही फौजेच्या पोटात जात होतं. बादशहाने लंगर उघडले, पैसे वाटले, पण फार उशीर झाला होता. म्हणजे धान्य मुलखात होतं, रस्त्यावरून चाललेलं लोकांना दिसत होतं, आणि लोक मरत होते.

या दोन गोष्टींतून माझं मत झालंय की साठा ही तयारीची तिसरी पायरी आहे. आधी पाणी, मग माणसं, मग दाणा.

माझी माय आता ऐंशीच्या घरात आहे. १९७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख लोक होते, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. २०१२-१३ ला पुन्हा टंचाई आली आणि टँकरपुढे रांगा लागल्या, तेव्हा माय ओट्यावर बसून म्हणाली, "बाहत्तरना सालले पानी व्हतं, दाना नही व्हता. आते दाना शे, पानी नही." तिच्या त्या एका वाक्यात चाळीस वर्षांचा हिशेब आहे. तेव्हा विहिरींना थोड्या खोलीवर पाणी लागायचं. नंतर बोअर आले, पाणी शेकडो फूट खाली गेलं. दाणा ट्रकने आणता येतो. पाणी तसं आणायला गेलं तर माणशी दोन हंडे मिळतात.

म्हणून तुमच्या फ्लॅटकडे पाहतो तेव्हा मला धान्याची काळजी वाटत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो. अशा दिवशी वीज दोन दिवस गेली तर पंप बंद, वरच्या टाकीत पाणी चढणार नाही, लिफ्ट बंद, पंखे बंद. ७४ वर्षांच्या माणसासाठी हीच खरी आणीबाणी, आणि ती कुठल्याही युद्धापेक्षा जास्त वेळा येते. माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरा, पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता मिळून. पाच जणांना ७५ लिटर, तीन दिवसांना २२५. २०० लिटरचा झाकणाचा एक ड्रम आणि दोन-तीन हंडे-कळशा एवढ्यात भागतं. ड्रम भरला की २०० किलोचा होतो, तो गॅलरीच्या कडेला ठेवू नका, आत भिंतीलगत ठेवा. दर आठ-दहा दिवसांनी ते पाणी धुण्या-पुसण्याला वापरून नवं भरा. पिण्याचं वेगळं, उकळून किंवा क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालून. साखर-मीठ घरात असतंच: उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उन्हाने किंवा जुलाबाने गळून गेलेल्या माणसाला हे घोट घोट द्यायचं. मात्र वडिलांना बीपी, साखर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

सोसायटीत छताचं पाणी जमिनीत मुरवायची सोय आहे का, तेही पाहा. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-वाया जाऊनही ३५ हजार लिटरच्या पुढे पाणी मिळतं. आपल्याकडे सरासरी पाऊस त्याहून जास्तच असतो. बऱ्हाणपूरला जाल तर कुंडी भंडारा बघून या. १६१५ च्या सुमारास, मुघल सुभेदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणलं. शंभरावर कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे खड्डे, एकमेकींना जोडलेल्या. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. चारशे वर्षांनंतरही तिथे पाणी वाहतंय.

आता माणसं. तुमच्या 'कुणावर अवलंबून राहायचं नाही' या वाक्याशी माझं पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या नदीवर आहे. पांझरेवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी, असं फिरवत. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असायचा. पाऊस कमी झाला की पंच बसून ठरवत की यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. सगळ्यांचेच तुकडे त्यात असल्यामुळे तोटा एकट्याच्या डोक्यावर येत नसे. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांना मोबदला पिकातून. उन्हाळ्यात पाट साफ करायला सगळ्यांनी जायचं. कुणी आलं नाही तर त्याच्याकडून भरपाई घ्यायची. माझे आजोबा पाटावर जायचे, मी लहानपणी त्यांच्या मागे मागे फावडं ओढत जायचो. शेतकऱ्याच्या हातात पाण्याची किल्ली कधीच नव्हती, ती गावाच्या हातात होती, आणि म्हणूनच ही व्यवस्था दुष्काळ, महापूर, राजे बदलणं या सगळ्यांतून टिकली. वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, तसे बरेच बंधारे मागे पडले. ज्याच्या त्याच्या बांधावर ज्याचा त्याचा बोअर आला. मला याचं फार वाईट वाटतं. बोअर आटला की तो शेतकरी एकटाच पडतो.

साक्री तालुक्यातलं बारीपाडाही बघा. तिथल्या आदिवासी बांधवांनी चैत्राम पवारांच्या पुढाकाराने स्वतःचे नियम करून जंगल राखलं. जंगल वाढलं तसं विहिरींना पाणी आलं, आणि आज तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते, बायका किती तरी प्रकारच्या रानभाज्या शिजवून मांडतात. २०२५ ला पवारांना पद्मश्री मिळाली. असीरगडावर जे नव्हतं, तो ताजा पाला, तो इथे गावाच्या कोठारात आहे.

तुमच्या मजल्यावर याचा अर्थ असा की खालच्या-वरच्या चार घरांची ओळख हवी. कुणाकडे इन्व्हर्टर आहे, कुणाची मुलगी नर्स आहे, कुणाकडे गाडी आहे, वडिलांना उचलून खाली न्यायला कोण येईल. हे आत्ता माहीत हवं.

मग दाणा. २४ मार्च २०२० च्या रात्री आठला टाळेबंदीची घोषणा झाली आणि नवाच्या आत माझ्या दुकानापुढे गर्दी. लोकांनी काय नेलं? बिस्किटं, नूडल्स, तेल, तूरडाळ. मीठ, काडेपेटी, साबण, सॅनिटरी पॅड, बाळाची पावडर यांची आठवण चौथ्या-पाचव्या दिवशी झाली. आणि गोळ्या. बीपीच्या, थायरॉईडच्या. किराणा मी कसाही मिळवून देऊ शकलो, गोळ्यांसाठी लोक पोलिसांना विनवण्या करत शहरात गेले. वडिलांच्या गोळ्या महिनाभराच्या जास्तीच्या ठेवा, आणि नवं पाकीट आणलं की जुनं आधी संपवा.

दुकानात आम्ही हेच करतो: नवा माल मागे, जुना पुढे. घरातही तसंच. वर्षभराचं भरून कुलूप लावायची गरज नाही. खाता त्याच वस्तूंचा एक ते दोन महिन्यांचा जास्तीचा फिरता साठा पुरे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य धरा, पाच जणांना महिन्याला ६० किलो, आठ-दहा किलो डाळ, पाच किलो तेल. तूर एकदा मी स्वतः पाच पोती जास्तीची ठेवली होती, भाव वाढेल म्हणून. पावसाळ्यात कोंदट हवेने भुंगे झाले आणि निम्मी जनावरांना घालावी लागली. गहू आणि दादर (रब्बी ज्वारी) कडक उन्हात वाळवा, पण पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरलं तर आत घाम सुटतो आणि बुरशी येते. वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घाला, डाळीला एरंडेल चोळा. आणखी एक, जे व्हिडिओत कुणी सांगत नाही: वीज गेली की गिरणीही बंद असते. म्हणून थोडे तांदूळ, पोहे, दलिया, मुरमुरे, फुटाणे, जे दळावं लागत नाही, ते हवंच. आपल्या बायका चैत्र-वैशाखात जे वाळवण घालतात, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, सांडगे, वाळवलेल्या गवारी, ते पिढ्यान्‌पिढ्यांनी शोधलेलं संकटाचं अन्नच आहे. तुमच्या आईला किंवा सासूबाईंना येत असेल तर या उन्हाळ्यात शिकून घ्या.

बाकीचं पटकन. पाच-दहा हजार रुपये सुट्या नोटांत ठेवा, नेट गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. आधार, सातबारा, विमा, बँकेची कागदं प्लास्टिकच्या पिशवीत एका जागी. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेच्या पुराने धुळ्यात शेकडो घरं वाहून गेली. नदी वर्षानुवर्षं शांत असते म्हणून तिच्याकडे पाठ करून बसू नये. गॅसची एक टाकी भरलेली, एक टॉर्च, चार्ज केलेली एक पॉवर बँक. मोबाईलमधले महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा.

आणि ते दोन एकर. घ्या, मला आनंदच आहे, पण पाच माणसांचं सगळं दोन एकरांत होईल ही आशा ठेवू नका. कोरडवाहू दोन एकरांत एका चांगल्या वर्षी ज्वारी-बाजरी आणि डाळ घरापुरती होईल, तेल, मीठ, कापड, औषध तरी विकतच. जमीन बघायला श्रावणात जाऊ नका, तेव्हा सगळंच हिरवं दिसतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात जा. विहिरीत वाकून पाणी किती हात खाली आहे ते स्वतः बघा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की गेल्या पाच वर्षांत ती कोणत्या महिन्यात तळाला गेली. तो तुम्हाला सावलीला बसवून पाणी पाजतो का आणि मोकळेपणाने बोलतो का, तेही बघा. त्याच्याच बांधाला बांध लागून तुम्हाला राहायचंय.