पॅरिसहून जिव्हर्नी: एका बागेसाठी एक दिवस

प्रश्न: सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या 71 वर्षांच्या आईला घेऊन चार दिवसांसाठी पॅरिसला जाणार आहे. आईने आयुष्यभर गच्चीवर बाग केली, आजही ती सिमेंटच्या टाकीत कमळे लावते, आणि चित्रकार क्लोद मोने यांची जिव्हर्नीची बाग पाहणे ही तिची या प्रवासातली एकमेव मागणी आहे. आमच्या ट्रॅव्हल एजंटने सकाळी जिव्हर्नी आणि दुपारी व्हर्सायचा राजवाडा अशी एका दिवसाची बससहल सुचवली आहे. ती घ्यावी की आपले आपण रेल्वेने जावे? सप्टेंबरात फुले असतात का? आईचे गुडघे दुखतात, तिला हे झेपेल का?

उत्तर: रेल्वेने जा, आणि त्या दिवशी जिव्हर्नीशिवाय दुसरे काहीही ठेवू नका. हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण पहिल्या खेपेला मीही अशाच एका जोडसहलीने गेले होते. बागेसाठी आम्हाला दीड तास मिळाला; त्यातला बराचसा रांगेत गेला, उरलेला गर्दीबरोबर पुढे सरकण्यात, आणि ज्या तळ्यासाठी आले होते त्याच्या काठी पोहोचून जेमतेम दहा मिनिटे होतात तोच परत फिरण्याची सूचना झाली. जिव्हर्नी पॅरिसच्या वायव्येला सुमारे 75 किलोमीटरवर आहे, तर व्हर्साय नैर्ऋत्येला. दोन्ही एका दिवशी करायची म्हटली की दिवसाचा मोठा भाग बसच्या खिडकीपाशी जातो आणि दोन्ही ठिकाणांवर अन्याय होतो. बाग जगलेल्या बाईला अशी घाई सोसणार नाही.

गाडी साँ-लझार स्थानकावरून सुटते. मोने यांनी 1877 मध्ये याच स्थानकात उभे राहून, काचेच्या छपराखाली साठलेली इंजिनांची वाफ रंगवणारी चित्रमालिका केली होती, हे आईंना गाडीची वाट पाहताना जरूर सांगा. उतरायचे स्थानक व्हेर्नाँ-जिव्हर्नी. थेट गाडीने पाऊण ते एक तास लागतो. तिकीट काढताना दोन गोष्टी पाहून घ्या. एक म्हणजे रुआँ आणि ल हाव्र या शहरांकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या व्हेर्नाँला थांबत नाहीत, त्यामुळे फलकावर थांब्यांची नावे वाचल्याशिवाय डब्यात पाऊल ठेवू नये. दुसरी म्हणजे पॅरिस परिसराचा नाव्हिगो पास येथे चालत नाही, कारण व्हेर्नाँ नॉर्मंडी प्रांतात येते. जाण्यायेण्याचे वेगळे तिकीट काढावे लागते. डब्यात शक्यतो उजव्या हाताच्या खिडकीशी बसा, कारण मांत शहर मागे पडल्यावर सीन नदी त्या बाजूने अधूनमधून सोबत करते.

स्थानकापासून बाग पाचेक किलोमीटरवर आहे. हंगामात गाडीच्या वेळा धरून स्थानकाबाहेरून बस सुटते आणि पंधरा-वीस मिनिटांत गावात पोहोचवते. जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी आता पायी आणि सायकलने जाण्यासाठी छान वाट झाली आहे, पण तुमच्या आईंसाठी बस किंवा टॅक्सीच बरी. उतरल्याबरोबर परतीच्या बसच्या वेळांचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

वार कोणता घ्यावा, हे तुम्ही विचारलेले नाही, पण चार दिवसांच्या मुक्कामात त्याला महत्त्व आहे. 1 एप्रिल ते 1 नोव्हेंबर या काळात बाग आठवड्याचे सातही दिवस उघडी असते. पॅरिसमधले ऑरांजरी संग्रहालय मात्र मंगळवारी बंद असते, आणि मोने यांची कुमुदिनींची (वॉटर लिलींची) प्रचंड भित्तिचित्रे तेथेच आहेत. म्हणून मंगळवारी जिव्हर्नी आणि बुधवारी सकाळी ऑरांजरी असा क्रम लावा. आधी बाग आणि मग चित्रे, हा क्रम उलटू नका. तळ्याच्या काठी बसून आलेल्या माणसाला त्या चित्रांतली डहाळी कोणती आणि तिचे पाण्यातले प्रतिबिंब कोणते, हे शोधण्यात जी गोडी लागते, ती नुसती चित्रे पाहणाऱ्याला सहसा लागत नाही.

बाग साडेनऊला उघडते. तारीख घालून तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि आठच्या आसपासची गाडी धरा. आत शिरल्यावर बहुतेक जण समोरच्या फुलबागेत आणि घरात रेंगाळतात. तुम्ही तसे न करता थेट तळ्याकडे जा. मोने 1883 मध्ये येथे भाड्याने राहायला आले, 1890 मध्ये त्यांनी घर विकत घेतले आणि 1893 मध्ये रस्ता व रुळांपलीकडची जमीन घेऊन ओढ्याचे पाणी वळवून तळे केले. परदेशी झाडांमुळे पाणी नासेल, या भीतीने तेव्हा गावकऱ्यांनी हरकत घेतली होती. रूळ आता नाहीत, पण रस्ता आहे, आणि तळ्याकडे त्याखालच्या भुयारी वाटेने जावे लागते. या वाटेला पायऱ्या आहेत. गुडघ्यांच्या दृष्टीने तेवढा भाग आणि घराचा जिना, या दोनच जागा जपण्याच्या. बाकी वाटा सपाट आहेत, खडीच्या असल्यामुळे जाड तळव्याचे बूट मात्र हवेत. बसायला बाके आहेत आणि सकाळच्या पहिल्या तासात ती मिळतात.

दुसऱ्या खेपेला मी पावणेदहाला तळ्यापाशी होते. हिरव्या रंगाच्या लाकडी पुलावर तेव्हा तीन-चारच माणसे होती. एक माळी लहान होडीतून संथपणे फिरत पिवळी पडलेली पाने काढत होता, आणि त्याच्या होडीने हललेले पाणी पुन्हा स्थिर झाले की रडव्या विलोच्या लोंबत्या फांद्या पाण्यात जशाच्या तशा उमटत. मोने यांच्या वेळीही एक माळी खास या तळ्यासाठी नेमलेला होता, आणि रोज सकाळी होडीतून तळे साफ करणे हे त्याचे काम होते. रस्त्याची धूळ पानांवर बसू नये म्हणून मोने यांनी त्या रस्त्यावर डांबर घालण्याचा खर्चही उचलला. बागकाम करणाऱ्या माणसाला हा हट्ट लगेच समजेल.

आईंना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. त्यांच्या टाकीतल्या कमळाची पाने दांड्यावर उभी राहून पाण्याच्या वर येत असतील, तर तिथले फूल वेगळे आहे. तिथे आहेत त्या कुमुदिनी, म्हणजे वॉटर लिली, ज्यांची पाने पाण्यावर सपाट पसरतात. युरोपातली थंडी सोसणारी कुमुदिनी पूर्वी पांढरीच असे. जोसेफ बोरी लातुर-मार्लियाक या फ्रेंच रोपवाटिकाकाराने संकर करून पिवळ्या, गुलाबी, तांबड्या जाती तयार केल्या, 1889 च्या पॅरिस महाप्रदर्शनात त्या मांडल्या, आणि मोने यांनी आपल्या तळ्यासाठी त्यांच्याकडूनच रोपे मागवली. ही फुले ऊन वर आल्यावर उमलतात आणि दुपार उतरू लागली की मिटतात. म्हणून तळ्याला दोन फेऱ्या हव्यात: पहिली सकाळी, शांततेसाठी, आणि दुसरी बाराच्या सुमारास, उमललेल्या फुलांसाठी. तेव्हा गर्दी असेल, पण तुमचे सकाळचे बसणे झालेले असेल.

सप्टेंबर चांगला महिना आहे. कुमुदिनी तेव्हा उताराला लागलेल्या असतात, पण असतात. आणि घरासमोरच्या क्लो नॉर्माँ या फुलबागेत डेलिया ऐन भरात असतात, सूर्यफुले आणि अ‍ॅस्टर असतात. घराच्या दारापासून खाली जाणाऱ्या मधल्या रुंद वाटेवर दोन्ही बाजूंनी नॅस्टर्शियमचे वेल इतके पसरत येतात की मध्ये जेमतेम पाऊलवाट उरते. त्या वाटेवर पर्यटकांना चालू देत नाहीत. शेजारच्या वाटांवरून ती पाहायची असते. एकाच वाफ्यात उंच, मध्यम आणि बुटकी झाडे कशी लावली आहेत, जमीन कुठेही उघडी कशी दिसत नाही, हे पाहण्यात तुमच्या आईंचा तास सहज जाईल, आणि त्या वेळी त्यांना पुढे चला म्हणू नका. घर शेवटी पाहा. पिवळी जेवणाची खोली, निळ्या फरशांचे स्वयंपाकघर आणि भिंतींवरची जपानी छापचित्रे पाहायला अर्धा तास पुरतो.

बागेत डबा उघडून खायला परवानगी नाही, तेव्हा दशम्या नेल्या असतील तर त्या बाहेर येऊन खाव्यात. गावात चहा-कॉफी आणि जेवणाची सोय आहे. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, म्हणून हॉटेल बदलण्याच्या दिवशी ही सहल ठेवू नका. आई थकल्या नसतील तर गावातल्या सेंत-राडगोंद चर्चच्या आवारातली मोने यांची समाधी पाहा, आणि थकल्या असतील तर सरळ परतीची गाडी धरा.

प्रश्न: मोने यांचे निधन 1926 मध्ये झाले. मग आज दिसते ती बाग खरोखर त्यांची आहे, की पर्यटकांसाठी नंतर उभारलेली प्रतिकृती आहे? तसे असेल, तर इतक्या लांब जाण्यात काय अर्थ?

उत्तर: प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. मोने यांच्यानंतर त्यांची सून आणि स्वतः चित्रकार असलेल्या ब्लांश ओशदे यांनी 1947 पर्यंत बाग सांभाळली. त्यांच्या पश्चात ती उजाड होत गेली. मोने यांचा मुलगा मिशेल यांनी ही मालमत्ता फ्रान्सच्या ललित कला अकादमीला ठेवली आणि 1966 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा काचघरे मोडलेली आणि घरातले लाकूड कुजलेले होते. व्हर्सायच्या जीर्णोद्धाराचे मोठे काम केलेले जेराल्ड व्हान देर केम्प यांच्याकडे 1977 मध्ये येथली जबाबदारी आली, आणि 1980 मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. लाकूड कुजल्यामुळे तळ्यावरचा पूलही नव्याने बांधावा लागला.

म्हणजे आज तुम्ही पाहता ते डेलियाचे रोप मोने यांनी लावलेले नाही. पण बाग म्हणजे रोपे नव्हेत. वर्षायू फुले तर मोने यांच्या हयातीतही दरवर्षी नवीच लावली जात होती. जागा तीच, तळे तेच, पाणी त्याच ओढ्याचे. जुनी छायाचित्रे, पत्रे आणि स्वतः चित्रे यांच्या आधाराने वाफ्यांची आखणी केलेली. आपल्याकडे जीर्णोद्धार झालेल्या देवळाला आपण प्रतिकृती म्हणत नाही, कारण तिथली पूजा खंडित झाली तरी पुन्हा त्याच ठिकाणी सुरू झालेली असते. येथे तेच झाले आहे, आणि रोज पहाटेपासून खपणारे माळी पाहिल्यावर ही शंका माझ्या मनातून तरी गेली.

प्रश्न: आम्हाला मुलांच्या शाळेमुळे दिवाळीच्या सुट्टीतच निघता येते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पॅरिसला असू. जिव्हर्नीची एक चक्कर मारावी का?

उत्तर: मारू नका. 1 नोव्हेंबरनंतर बाग बंद होते ती 1 एप्रिललाच उघडते, आणि बाहेरून तळे दिसेल ही अपेक्षाही व्यर्थ आहे. त्याऐवजी एक सकाळ ऑरांजरीला द्या. पहिले महायुद्ध थांबले त्याच्या दुसऱ्या दिवशी, 12 नोव्हेंबर 1918 रोजी, मोने यांनी आपला मित्र आणि तेव्हाचा पंतप्रधान जॉर्ज क्लेमाँसो याला पत्र लिहून देशाला चित्रे देऊ केली. त्या देणगीतूनच पुढे तेथल्या दोन लंबगोल दालनांतली आठ विशाल चित्रे साकारली, आणि मोने गेल्यानंतर 1927 मध्ये ती खुली झाली. दालनात मधोमध बसायची सोय आहे. मुलांना तिथे बसवून चारही बाजूंना मान फिरवू द्या. मोने यांच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह मार्मोताँ संग्रहालयात आहे, ते सोमवारी बंद असते.

दिवाळीऐवजी कधी मे महिन्याची सुट्टी मिळाली, तर मात्र जिव्हर्नीला जाच. पुलावरचा विस्टेरिया आणि वाफ्यांतले आयरिस त्याच सुमारास फुलतात. फक्त 1 मे आणि 8 मे या फ्रान्समधल्या सार्वजनिक सुट्ट्या टाळा, कारण त्या दिवशी अर्धे पॅरिस त्याच पुलावर उभे असते.