ठाण्यात जुनं सिंगर शिलाई मशीन घ्यायचं आहे, वाजवी किंमत किती द्यावी?

तुम्ही लिहिलंय की नौपाड्यात एका घरी काळं सिंगर पायमशीन आहे, मालक 'अँटीक आहे' म्हणून 18 हजारांच्या खाली यायला तयार नाहीत, आणि तुम्ही अजून ते चालवून पाहिलेलं नाही. मग आधी चालवून पाहा. उत्तम चालत असलं तरी 18 हजार देऊ नका.

मी कळव्यात ब्लाउज शिवते. गेल्या बारा वर्षांत सहा जुनी मशिनं घेतली. दोन माझ्याकडे आहेत, एक वाया गेलं, बाकीची शिकायला येणाऱ्या मुलींना घेतली त्याच भावात दिली.

सिंगर जुनं असतं, पण दुर्मीळ नसतं. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या एकट्या कारखान्यातून 1913 साली सुमारे 13 लाख मशिनं बाहेर पडली, आणि तो कारखाना 1980 पर्यंत चालू होता. मशीनच्या बेडवर, म्हणजे सुईखालच्या सपाट भागावर, उजवीकडे नंबर कोरलेला असतो. नंबराआधी अक्षर असेल तर मशीन साधारण 1900 नंतरचं, नुसते आकडे असतील तर त्याआधीचं. त्यावरून वय कळतं, पण वयाचे पैसे मोजू नका. कोणी लाखांच्या गोष्टी सांगू लागलं तर तिथून उठा. 2009 मध्ये सौदी अरबस्तानात अफवा पसरली होती की जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' नावाचा फार मौल्यवान पदार्थ असतो. लोक मशीनला मोबाइल लावून तपासत होते आणि वाट्टेल तेवढे पैसे मोजत होते. मशीनमध्ये लोखंड, तेल आणि आपले कष्ट, एवढंच असतं.

भाव ठरवायची माझी रीत साधी आहे. आधी शिलाई मशीनच्या दुकानात जाऊन नव्या साध्या काळ्या पायमशीनची किंमत विचारायची. जुनं त्याच्या वर जाता कामा नये, आणि दुरुस्तीचा खर्च त्यातूनच वजा व्हायला हवा. मी 2019 मध्ये सिंगरचं 15के मॉडेल स्टँडसकट 4,500 ला घेतलं, वर पट्टा, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) आणि साफसफाईचे 700 गेले. उषाचं हातमशीन 1,800 ला मिळालं. तुमचं मशीन पूर्ण असेल, चालत असेल आणि टेबल सागवानी असेल तर मी सहा, फार तर सात हजार देईन.

मॉडेल मात्र नीट बघा. 15के असेल तर निर्धास्त राहा. आपल्याकडची बहुतेक काळी मशिनं त्याच घडणीची असल्यामुळे बॉबिन, डबी, सुई कुठेही मिळते. लांब बॉबिन आणि होडीसारखं शटल (लांब बॉबिन ज्यात बसते ती डबी) असलेलं मशीन दिसायला फार सुंदर, टीपही देखणी. पण शटल हरवलेलं असेल तर ते शोधता शोधता वर्ष जातं. शटल आणि निदान दोन बॉबिन हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. मोटर लावलेलं असेल तर वायरचं रबर बोटाने दाबून बघा. तुकडे पडत असतील तर प्लगमध्ये घालूच नका.

जाताना मांजरपाटाचा तुकडा, जीन्सचा तुकडा आणि दोन रंगांचे दोरे न्या. वर लाल, खाली पांढरा. कापडाच्या उलट बाजूला लाल दोऱ्याचे फास लोंबत असतील तर आधी दोरा नीट ओवलाय का बघा, मग दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण. ते ठीक होतं. हातचाक आपल्याकडे फिरवा. जड फिरत असेल तर बहुतेक वेळा वाळलेलं तेल असतं, रॉकेल आणि दोन दिवसांचा धीर पुरतो. पण सुईची दांडी बोटांत धरून हलवली आणि ती डावी-उजवीकडे डुगडुगली, तर आतली झीज झालेली आहे, त्याला स्वस्त इलाज नाही. मशीनच्या पायाखालचे, कापड पुढे सरकवणारे दाते गुळगुळीत झालेत का तेही बघा.

चकचकीत रंगाला भुलू नका. वाशीत मी एक मशीन नव्या सोनेरी नक्षीसकट घेतलं होतं. घरी तेल पुसताना रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली दिसली. मशीनचं डोकं, म्हणजे वरचा लोखंडी भाग, कधीतरी पडून बिडाला तडा गेलेला, तो विकणाऱ्याने बुजवला होता. 3,200 रुपये गेले. तेव्हापासून मी मशीन मागे कलतं करून खालची बाजू टॉर्च लावून बघते. तिथे कोणी रंग देत नाही. झिजलेली, खरी नक्षी मला जास्त विश्वासाची वाटते.

वाजवी म्हणजे विकणाऱ्यालाही वाजवी, हे मात्र लक्षात असू द्या. ठाण्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात तेव्हा ही मशिनं बाहेर येतात. चेंदणीत एक आजी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "भंगारवाला चारशे देतो म्हणाला गं." त्यांनी त्या मशीनवर तीन मुलं शिकवली होती. मशीन उत्तम चालत होतं, मी 3,000 दिले. नौपाड्यातले मालकही कदाचित आईची आठवण म्हणून 18 सांगत असतील. भाव पाडायला भांडू नका. चालवून दाखवा म्हणा, काय काय दुरुस्त करावं लागेल ते समोर बसून सांगा. बरेचदा माणसं ऐकतात.

ठरलं तर नेताना डोकं स्टँडवरून सोडवा, बिजागरीचे दोन स्क्रू खालून ढिले केले की निघतं. हातचाकाला धरून उचलू नका, मधल्या दांड्याला धरा, आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसा. टेम्पोत स्टँडसकट उभं केलेलं मशीन पहिल्याच गतिरोधकाला पडतं.